झुंबरमावशीची अकरा मिनिटं

आमच्या ग्रुपवर एक नियम आहे. सिनेमा चालू असताना खुनी कोण ते लिहायचं नाही, कारण दर वेळी कुणीतरी नवं माणूस तो पहिल्यांदा बघत असतं. हा एवढा नियम सोडला तर माणसाने माणसाशी कसं वागावं याचा दुसरा कुठलाही नियम तिथे नाही, हे मला यंदाच्या मार्चमध्ये कळलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. ते शांत व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

ग्रुपचं नाव 'रहस्यपट रविवार'. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता आम्ही तीस-पस्तीस माणसं आपापल्या घरी मोबाइल नाहीतर लॅपटॉप उघडून व्हिडिओ कॉलवर बसतो. कॉलेज रोडला राहणारे महेश सर त्यांच्या कॉम्प्युटरवरून जुना मराठी रहस्यपट लावतात आणि तो सगळ्यांना दिसतो. माइक बंद ठेवायचे आणि काही सुचलं तर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लिहायचं. महेश सर पूर्वी क्लासमध्ये शिकवायचे. कुठल्या नटाने कुठल्या सिनेमात कुठली टोपी घातली होती, हे त्यांना विचारावं लागत नाही. ते आपणहून सांगतात.

दर मार्चमध्ये 'दिवा कुणी विझवला' लागतो. जुना, कृष्णधवल. बंगल्यात मालकाचा खून होतो, घरात पाच माणसं असतात, आणि तपासाला डिटेक्टिव्ह जयकर येतो. इंटरनेटवर या सिनेमाची एकच प्रत होती आणि ती ऐन मोक्याच्या ठिकाणी अकरा मिनिटं तुटलेली होती. जयकर पाचही जणांना दिवाणखान्यात बोलावतो, दिवा विझतो, पडदा काळा होतो. पुढचं दृश्य थेट शेवटचं. घरच्या डॉक्टरच्या हातात बेड्या, आणि जयकर म्हणतो, "तुमच्या हातानंच तुम्हाला पकडून दिलं, डॉक्टर." हाताने नेमकं काय केलं, ते त्या गेलेल्या अकरा मिनिटांत.

ती अकरा मिनिटं झुंबरमावशी सांगायची. महेश सर सिनेमा थांबवायचे, मावशीचा माइक उघडायचे, आणि पस्तीस घरांमध्ये लोक हातातला चहा तसाच धरून ऐकायचे.

मावशीला त्या ग्रुपवर मी नेलं, तिचा मोबाइल नंबरही मीच त्यात जोडून दिला. म्हणजे सुरुवात माझ्यापासूनच होते, ते मी नाकारत नाही.

मी हर्षाली. अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्या कारखान्यात चाळीस डबे येतात ते झुंबरमावशीचे, आणि मी तिच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. मावशी मूळची सायखेड्याची, गोदावरीच्या काठची. शाळा चौथीपर्यंत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन एकलहऱ्याला आली. नवरा तिथल्या वीजकेंद्रात कोळशाच्या कामावर होता. त्याच्या अंगातून कोळसा कधी गेला नाही, असं ती सांगते. तो गेला तेव्हा ती चाळिशीची होती. मग डबे सुरू केले आणि त्या डब्यांवर योगिनीला, एकुलत्या एका मुलीला, बी.एड. केलं. योगिनीला तिने शाळेचा एक दिवस चुकवू दिला नाही. अंगात ताप असला तरी ही बाई तिला कडेवर घेऊन वर्गात बसवून यायची, वर्गशिक्षिका ओरडल्या की दारात उभी राहायची. योगिनी आता पुण्याला शिकवते.

डब्यांच्या झाकणांवर मावशी स्वतः नावं घालते. चाळीस नावं, काळ्या मार्करने, टपोऱ्या अक्षरात. आजवर डबा इकडचा तिकडे गेलेला मला आठवत नाही. भाजीचा कागद सोडवला की त्यावरची बातमी वाचते, बसची पाटी लांबून वाचते. पण मोबाइल पुढे केला की मान फिरवते. "पडद्यावरचं मला जमत नाय. तू वाच," म्हणते. टीव्हीवरच्या पट्ट्या वाचत नाही. सिनेमा सुरू होऊन नावं यायला लागली की खाली मान घालून लसूण सोलायला घेते आणि नावं संपली की वर बघते. मला वाटायचं, नावांचा कंटाळा येत असेल. मी क्वालिटीला आहे. एक मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर मला दिसतो.

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमधल्या रविवारी मी तिच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसले होते. सिनेमा लागला आणि दहा मिनिटांनी मावशी म्हणाली, "हा पिच्चर मी पाह्यलाय. सायखेड्याला, जत्रंत, तंबूमधी. चौथीला व्हते मी." मग जरा वेळाने म्हणाली, "पन ह्याच्यात घर फिरवल्यासारखं वाटतंय. आमच्या पिच्चरमधी जिना ह्या हाताला व्हता."

मी म्हणाले, "मावशी, पन्नास वर्षं झाली त्याला." आणि हसले. त्या हसण्याबद्दल मी आजही स्वतःला चार शिव्या घालते.

पडदा काळा झाला तेव्हा ती भाकरी थापत होती. परातीतून मान वर न करता म्हणाली, "आता काड्या ओढत्यात." मी माइक उघडला.

तिने सांगितलं ते असं: "अंधार झाला. जयकर म्हनला, एकेकानं या आनि कंदील लावा. आधी आत्याबाई आली. आत्याबाईची नथ ह्या उजव्या नाकपुडीत, पदर गुजराथी, उजव्या खांद्यावरून. तिनं डाव्या हातानं काडी ओढली. मंग पुतन्या, मंग स्वयपाकीन, मंग माळी. सगळे डावरे. पिच्चरमधी असत्यात तसे. आनि मंग डॉक्टर. त्यानं उजव्या हातानं ओढली. जयकर खिडकीपाशी उभा व्हता, डाव्या अंगाच्या. तो हसला. म्हनला, काडी जपून ओढा, डॉक्टर. तिथंच सापडला तो."

सगळे डावरे आणि एकटा डॉक्टर उजवा. ग्रुप वेडा झाला. पण सिनेमात इतर ठिकाणी तीच माणसं उजव्या हाताने जेवतात, लिहितात, मग इथेच डावरी कशी, असा प्रश्न निघाला. उत्तर महेश सरांनी काढलं. त्यांचं म्हणणं, जयकर मुद्दाम सगळ्यांना डाव्या हाताने काडी ओढायला सांगत असणार. खुनी खरोखरच डावखुरा. तो बिचकतो, आपलं बिंग फुटेल म्हणून एकटाच उजवा हात वापरतो, आणि त्यामुळेच पकडला जातो. मराठी सिनेमातला सगळ्यात हुशार पुरावा, असं सर म्हणाले. त्यांनी त्यावर लांबलचक लेख लिहिला, मावशीच्या सांगण्याचं रेकॉर्डिंग त्याला जोडलं, दोन ठिकाणी भाषणं केली. त्यांना शाल मिळाली. मावशी माइकवर सांगत होती, "तसं काय जयकर म्हनला नव्हता बरं का, सर." सर म्हणाले, "आजी, ते सूचित असतं."

पाच वर्षं असं चाललं. दर मार्चला मावशी तेच सांगायची, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. तिचा डबा खाणारे स्नेहल, सोमनाथ असे आमच्या कारखान्यातले काही जणही तिला ऐकायला ग्रुपवर आले.

यंदा मालेगावच्या खाजाभाईंना, ते आमच्याच ग्रुपवर आहेत, त्यांच्या मामूच्या घरी पत्र्याच्या डब्यात ते रीळ सापडलं. त्यांनी पदरचा खर्च करून मुंबईहून ते नीट करून आणलं. मार्चचा रविवार आला तेव्हा ग्रुपवर साठ माणसं होती. मावशीने नवं लुगडं नेसलं होतं. लॅपटॉप आम्ही तिच्या डब्यांच्या क्रेटवर ठेवला. नावं आली, तिने लसूण सोलला. सिनेमा पुढे गेला आणि पहिल्यांदाच पडदा काळा झाला नाही.

आत्याबाई आली. नथ डावीकडे, पदर आपल्यासारखा. तिने उजव्या हाताने काडी ओढली. पुतण्याने उजव्या, स्वयंपाकिणीने उजव्या, माळ्याने उजव्या. डॉक्टरने डाव्या हाताने ओढली. कुठलाही मुद्दाम दिलेला हुकूम नाही, कुठलीही हुशारी नाही. डावखुरा माणूस डाव्या हाताने काडी ओढतो आणि सापडतो, एवढंच.

महेश सरांचा लेख, भाषणं आणि शाल, सगळं त्या अकरा मिनिटांत पाण्यात गेलं. ते निमूट गिळता आलं असतं. चूक त्यांची होती. मावशीने त्यांना लेख लिहा म्हणून सांगितलं नव्हतं. पण सरांनी मावशीचा माइक उघडला आणि साठ माणसांसमोर विचारलं, "आजी, तुम्ही हा सिनेमा पाहिला तरी होता का?"

मावशी म्हणाली, "पाह्यला व्हता."

"मग हे काय आहे? एक गोष्ट जुळत नाही. जिना नाही, खिडकी नाही, हात नाही. पाच वर्षं तुम्ही आम्हाला काहीही सांगत होतात."

"मी खोटं बोलले नाय, सर. मी पाह्यलं ते सांगितलं."

सरांनी माइक बंद केला. तिचा, स्वतःचा नाही. आणि "असो," म्हणाले.

मग व्हॉट्सअॅपवर सुरू झालं. साठ माणसांना एकदम विनोद सुचले. मावशी माझ्याकडे बघत होती. "काय लिवत्यात गं? वाच की." मी वरवर वाचलं. "काही नाही, म्हणतायत रीळ छान स्वच्छ केलंय. खाजाभाई म्हणतायत, आजींना बोलू द्या." एवढं खरं होतं, ते एकटेच तसं म्हणाले होते. बाकीचं मी गाळलं. आणि विषय मिटावा म्हणून मीही दोन ओळी लिहिल्या. तो उघड बोलण्याचा क्षण होता. माझ्या हाताशी लॅपटॉप होता, माइक होता, मला तोंड होतं. मी दोन ओळी लिहिल्या आणि लॅपटॉप मिटला.

पुढचे दिवस वाईट गेले. मावशी रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती घाबरली. सकाळी डबे भरताना मला हाक मारायची आणि झाकणं पुढे करायची. "नावं बरोबर हायेत ना? सोमनाथ म्हनूनच लिवलंय ना मी?" तिच्या सासूला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, ते तिने स्वतः सात वर्षं काढलं होतं. आता तिला वाटायला लागलं की आपलंही तेच सुरू झालं. एकदा भाजीचा चमचा हातात धरून मला म्हणाली, "तंबू तरी व्हता का गं? का तेबी मीच रचलं?" योगिनीला तिने फोन करून सांगितलं की सुट्टीत ये आणि मला डोक्याच्या डॉक्टरला दाखव. साठ माणसांनी दोन तास हसून एका धडधाकट बाईचा तिच्याच डोक्यावरचा विश्वास उडवला होता. ती साठ माणसं सोमवारी आपापल्या कामाला लागली.

बुधवारी कारखान्यात एक ट्रे परत आला. दाराच्या ब्रॅकेटचा. आमच्याकडे तो भाग जोडीने बनतो, गाडीच्या डाव्या दारासाठी एक आणि उजव्या दारासाठी एक. एलएच आणि आरएच म्हणतात. मापं तीच, फक्त बाजू उलट. गिऱ्हाइकाची तक्रार होती की एकही भाग बसत नाही. मी सगळे मापले. माप एकाचंही चुकलं नव्हतं. भोकं बरोबर, कोन बरोबर, जाडी बरोबर. मग एक डाव्या दाराचा भाग आणून शेजारी ठेवला आणि लक्षात आलं. कुणीतरी डावे भाग उजव्यांच्या ट्रेमध्ये भरले होते. एकही माप चुकलेलं नाही आणि तरीही काहीच जुळत नाही, असं फक्त तेव्हाच होतं.

मी तो भाग हातात घेऊन उभी राहिले. एक गोष्ट जुळत नाही, असं महेश सर म्हणाले होते. एकही नाही. माणूस विसरतो तेव्हा काही चुकतं, काही बरोबर येतं. सगळंच्या सगळं कसं चुकेल? जिना, खिडकी, नथ, पदर, पाच माणसांचे पाच हात. मी सुपरवायझरला सांगून अर्धी रजा टाकली.

मावशी परत आलेले डबे घासत होती. मी विचारलं, "मावशी, तंबूत तुम्ही कुठे बसला होतात?"

"बायकांत."

"बायका कुठे बसायच्या?"

"पडद्याच्या ह्या अंगाला. मधी पडदा, पलीकडं गडी, अलीकडं बाया. मशीन गड्यांकडं. गड्यांची नजर पडू नये म्हनून तसं. तिकीट दोन्हीकडं सारखंच." ती घासता घासता थांबली. "का गं?"

माझा राग तेव्हाच चढायला लागला होता. मोबाइलवर खाजाभाईंच्या रिळाचा व्हिडिओ काढला, चित्राची डावी-उजवी बाजू उलटी करायची सोय असते ती वापरली, आणि तो तिच्यासमोर धरला. आत्याबाई आली. नथ उजवीकडे, पदर गुजराथी. डाव्या हाताने काडी. पुतण्या, स्वयंपाकीण, माळी, सगळे डावरे. डॉक्टर उजवा. जयकर डाव्या अंगाच्या खिडकीपाशी हसला. मावशीच्या ओल्या हातातून साबणाचं पाणी पायावर गळत होतं.

"हाच," ती म्हणाली. "हाच पाह्यला मी."

"मावशी, तुम्ही पडद्याच्या मागून बघत होतात. तिकडून सगळं उलटं दिसतं. आरशात दिसतं तसं. तुमचं एक अक्षर चुकलेलं नाही."

मला वाटलं, ती सुटकेचा श्वास टाकेल. मी आनंदाने सिनेमा मागे नेला, अगदी सुरुवातीला, आणि उलटाच चालू केला. नावं आली. तिच्याजवळ तेव्हा लसूण नव्हता. तिने बघितलं. मोठी पांढरी अक्षरं, तोंडं फिरवलेली.

मावशीने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

मग म्हणाली, "हीच. हीच अक्षरं व्हती."

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते, माझे शब्द त्याला पुरत नाहीत. "मी वर्गात पैली व्हते. पैला पिच्चर माझा. नावं आली तशी आई म्हनली, झुंबरे, वाच काय लिवलंय. चार वर्सं शाळेत जातीस. मी बगतीये, बगतीये. एक अक्षर वळखीचं नाय. आजूबाजूच्या बाया हसाया लागल्या. आनि पलीकडून माझा बाप मोठ्यांदा वाचीत व्हता. दिवा कुनी विझवला. आईला आयकू आलं. घरी गेल्यावर बाप म्हनला, एवढाली मोठी अक्षरं, आंधळ्यालाबी दिसतील, हिला वाचता येईना. चार वर्सं काय माती खाल्ली का. गुरुजी घरी आले व्हते, पोरगी हुशार हाय म्हनले. बाप म्हनला, गुरुजी, तिला वाचता येत नाय, सगळ्या तंबूनं पाह्यलं. जूनमधी पाचवीत नाव घातलं नाय."

मी वाहता नळ बंद केला.

"मलाबी वाटलं, पडद्यावरची अक्षरं येगळी असत्यात. शिकल्याल्यांची. आपल्याला नाय येत." तिने चित्र कसं सुलट करायचं ते मला विचारलं. मी करून दिलं. तिने वाचलं, अडखळत नाही, थांबत नाही, भाजीच्या कागदावरची बातमी वाचते तसं. "दिवा कुणी विझवला." मग खालची नावं वाचली, मग त्याखालची. मग मोबाइल ओट्यावर ठेवला आणि डबे घासायला बसली. डब्यांचा आवाज त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

"पलीकडून बाप वाचतोय," ती घासता घासता म्हणाली. "अलीकडून पोरगी. मधी एक कापड. एकाबी गड्याला वाटलं नाय, जरा ह्या बाजूला येऊन बगावं, बायांना काय दिसतंय."

मी महेश सरांना फोन केला. वाटलं होतं, शरमतील. ते हरखले. "काय विलक्षण निरीक्षण आहे," म्हणाले. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून तासाभरात त्यांनीच फोन केला. एकूण एक तपशील आरशातला होता. आता ते नवा लेख लिहिणार होते, पडद्यामागच्या प्रेक्षकांवर. एप्रिलच्या रविवारी आजींचा सत्कार ठेवू, म्हणाले. मार्चमध्ये काय बोललो होतो, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सत्कार नको. पिच्चर लावायचा. पन बायकांच्या बाजूनं. सगळ्यांनी तसाच बघायचा." सरांना ही कल्पनाही विलक्षण वाटली.

मधल्या दिवसांत मावशी फावल्या वेळी मोबाइल घेऊन बसलेली दिसायची. मी गेले की खाली ठेवायची. मला वाटलं, योगिनीच्या मुलांचे फोटो बघत असेल. झाकणांवरची नावं मात्र तिने पुन्हा मला दाखवली नाहीत, आणि योगिनीला फोन करून डॉक्टरचं राहू दे म्हणाली.

एप्रिलचा रविवार आला. सत्तर माणसं होती. सरांनी थोडक्यात म्हणून पंधरा मिनिटं बोलून घेतलं आणि सिनेमा लावला, उलटा. नावं यायला लागली. मावशीने स्वतः माइक उघडला.

"महेश सर, थांबवा. वाचा काय लिवलंय."

सर हसले आणि धडाधड नटांची नावं म्हणाले. ती त्यांना पाठच होती. मावशी म्हणाली, "ती नको. फुडचं दाखवा." पुढे आभारांची पाटी होती, बारीक अक्षरांची, आठ ओळी. ती कुणालाच पाठ नव्हती. सर डोळे बारीक करून पुढे वाकले. "श्री... नाही... या... थांबा हं." सगळे बघत होते. कुणीतरी मान वाकडी करून बघितलं. दोन मिनिटांत सरांनी दीड ओळ लावली, तीही चुकीची.

"आजी, हे उलटं आहे हो," ते शेवटी म्हणाले. "असं कसं वाचता येईल?"

"मला धा वर्सांची असताना यायला पायजे व्हतं," मावशी म्हणाली. "नाय आलं म्हनून माझी शाळा गेली. तुम्ही किती शिकलात, सर?"

सर आपल्या चौकटीत खाली बघत होते. मग टाइप करायला लागले. बोलायची हिंमत नसली की माणसं लिहितात. मावशीचा मोबाइल वाजला. मी सवयीने हात पुढे केला. ती म्हणाली, "राहू दे. मी वाचते."

तिने सरांचा माफीचा मेसेज वाचला नाही. बोटाने ग्रुप वर सरकवत नेला, एप्रिल ओलांडून मार्चपर्यंत. चष्मा नीट केला आणि माइकजवळ सरकली.

"सुनील," तिने वाचलं. "फेकूआजींना पुरस्कार द्या." मान वर करून स्क्रीनवरच्या चौकटींमध्ये तिने सुनीलला शोधलं. तो दिसेपर्यंत थांबली. मग पुढे. "स्नेहल. आता कळलं डब्यात मीठ का नसतं." थांबली. स्नेहलने कॅमेरा बंद केला. "लावा तो," मावशी म्हणाली, आणि तो लागेपर्यंत वाट पाहिली. "सोमनाथ. ह्यांचा सिनेमा ह्यांच्या घरीच बनतो." जोडाक्षरांपाशी जरा हळू होत होती, पण थांबत नव्हती. प्रत्येक नाव, मग मेसेज, मग तो माणूस. हसऱ्या चेहऱ्यांची चित्रंसुद्धा तिने मोजून सांगितली, कुणाची तीन, कुणाची पाच. "खाजाभाई. आजींना बोलू द्या." त्यांच्याकडे बघून तिने मान हलवली. सत्तर माणसांपैकी एकही जण उठून गेला नाही.

मला माहीत होतं यादी कुठे संपते. मी तिच्या शेजारी बसले होते, एकाच स्क्रीनसमोर, एकाच चौकटीत. तिला मला शोधावं लागणार नव्हतं.

"हर्षाली," तिने वाचलं. "जाऊ द्या हो, वय झालंय त्यांचं. डब्यांवरची नावंसुद्धा आता मीच तपासते."

तेव्हा मी एकही झाकण तपासलेलं नव्हतं. तिने चष्मा काढला, मोबाइल माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "बरोबर वाचलं का गं?"

"बरोबर वाचलंत," मी म्हणाले.